ग्रेडरच्या मुलीचा बँड

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं होतो आणि चौघांत मिळून एकच धड गिटार होती. यवतमाळच्या कॉलेजात शिकत होतो. कोणाच्या तरी पुण्याच्या भावानं एमपीथ्रीची एक सीडी आणली होती. तिच्यात परदेशातल्या मुली तीन सुरांवर, धापा टाकत, भांडल्यासारख्या गायच्या. त्याला पॉप पंक म्हणतात हे फार नंतर कळलं. मला एवढंच कळलं की भांडायला मला येतं. गिटारवाला माझ्या वर्गातला. ड्रम वाजवणारी मैत्रीण लग्नातल्या बँडवाल्यांच्या घरची. तिची धाकटी बहीण जुन्या कॅसिओवर थंडगार, यंत्रासारखे सूर काढायची. ती आपली न्यू वेव्ह, असं गिटारवाला तोऱ्यात सांगे. मागे कंपनी नाही, गुरू नाही. आमचे आम्हीच.

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस मुठीत दाबायचा, धागा ओढून पाहायचा आणि भाव ज्यावर ठरतो तो दर्जा सांगायचा, हे त्यांचं काम. त्या वर्षांत पीक हातचं जायचं, उरलेल्याला भाव नसायचा आणि गाड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या असायच्या. अशा वेळी ‘ओला आहे’, ‘कवडी आहे’, म्हणजे किडका, डागी आहे, म्हणणारा माणूस कोणाला आवडणार? माझ्या वर्गातली अर्धी मुलं कास्तकारांची, शेतकऱ्यांची. ती ग्रेडरला ज्या शिव्या द्यायची, त्या मी खाली मान घालून ऐकायची. बाबा ‘ऑफिसात’ आहेत, एवढंच मी सांगून ठेवलं होतं. आणि त्यांच्यातलीच एक व्हायच्या हौसेनं मी गाणं लिहिलं:

ओला आहे, कवडी आहे,
साहेब म्हणते, वापस ने!

बाबांनी कधी कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. गॅदरिंगमध्ये मुलांनी ते तीनदा म्हणायला लावलं. मी हवेत होते, पण घरी ते गाणं गुणगुणायचंही टाळायची.

मग घाटंजीचं आमंत्रण आलं. तिथल्या तरुण मंडळाचा कार्यक्रम, बाजाराच्या दिवशी, दुपारी तीनला, कारण सहाला लाईन जायची. त्या हंगामात बाबा रोज घाटंजीच्याच केंद्रावर जात होते. मी घरी अवाक्षर काढलं नाही, पण केंद्रासमोरच्या भिंतीवर आमचं पोस्टर लागलं.

“मी येतो पाहाले,” बाबा जेवताना म्हणाले. “तुहं गाणं ऐकलंच नाही अजून.”

“नका येऊ बाबा. लय धिंगाणा असते तिथं.”

“काहून? बाप आला तं सूर बिघडते का तुहा?”

ते हसत होते. मी ताट उचलून मोरीत नेलं.

माझे बाबा कोण, हे बँडमध्ये फक्त ड्रमवालीला ठाऊक होतं. तिला म्हटलं, ते गाणं नको. ती म्हणाली, “त्याच्याचसाठी तं बोलावलं आपल्याले. बाकीचे गाणे कोण ऐकते?” खरंच होतं. आ बैल मुझे मार, दुसरं काय!

त्या दुपारी मैदान भरलं होतं. बाजार करून आलेली माणसं, रांगेत गाडी लावून आलेले कास्तकार, पोरंबाळं. भज्यांच्या गाडीजवळ बाबा उभे होते, स्वेटरला कापसाचे तंतू लागलेले. मी त्यांना पाहिलं आणि ड्रमच्या आडोशाला सरकले. एवढ्यात सूत्रसंचालन करणारे गुरुजी माईक घेऊन माझ्याजवळ आले. आमच्याकडे पोरीची ओळख बापाशिवाय पुरी होत नाही.

“वडील काय करतात, बेटा?”

मी म्हटलं, “बँडचंच नाव सांगा ना, सर.”

“असं कसं! लोकांना कळलं पाहिजे. काय करतात वडील?”

माईक माझ्या तोंडासमोर होता. समोर ते सगळे गाडीवाले, आणि त्यांच्या मागे बाबा. मी म्हणाले, “शेती.”

“कास्तकाराची पोरगी!” गुरुजी ओरडले आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की ड्रमवालीनं दिलेला ताल मला ऐकूच आला नाही. मी एक मात्रा उशिरा सुरुवात केली. मग ओरडले. सगळं मैदान माझ्याबरोबर ओरडलं, म्हातारेसुद्धा. गाणं संपलं तेव्हा भज्यांच्या गाडीजवळ बाबा नव्हते.

आम्ही जीपनं परतलो तोवर ते झोपले होते. सकाळी ते नेहमीच्या वेळी निघून गेले. तो दिवस मी कसा काढला, माझं मला माहीत. महिनाभरापूर्वी शेजारच्या तालुक्यात लोकांनी एका ग्रेडरला कापसाच्या ढिगात ढकललं होतं. आता हे गाणं तोंडात घेऊन ती माणसं बाबांसमोर उभी असणार, आणि ते मी त्यांच्या तोंडात घातलं होतं. दारात गाडी वाजली की मी उठायची. कॉलेजला गेलेच नाही.

बाबा वेळेवर आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. आईनं विचारलं, “काही झालं का आज?”

“कायचं काय होते! पोट्टे गाणं म्हणून राह्यले होते दिवसभर. मी गाडीत हात घातला का सुरू.” त्यांनी भाकरी मोडली. “एका म्हाताऱ्यानं मलेच पुसलं, साहेब, ते गाणारी पोट्टी कोणाची?”

“मंग?” हे मी विचारलं की आईनं, आठवत नाही.

“मंग काय, म्हटलं, आहे एका कास्तकाराची.”

मी रागाची तयारी ठेवली होती. ते ओरडले असते, गिटार फोडली असती, तर मी रडून माफी मागितली असती. पण ते शांतपणे जेवत होते. भाजी वाढायला मी वाकले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “लय टाळ्या पडल्या पण तुह्या बापाले.”

“कोणत्या टाळ्या?” आई विचारत राहिली. आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही.