पोटरीत गोळा आला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलेना

मित्रहो, सकाळची गोष्ट आहे.

आज बडनेरा रोडवर एकवीस किलोमीटर पळालो. नंतर आमच्या रनिंग ग्रुपमधले सगळे स्ट्रेचिंगला बसले. माझे हात गुडघ्याखाली जात नाहीत, म्हणून मी नेहमीसारखा सटकलो. घरून लेकीला घेतलं आणि तिला क्लासला सोडायला निघालो.

राजापेठेत उजव्या पोटरीत असा गोळा आला, की पाऊल ताठ होऊन ॲक्सिलरेटरवर दाबलं गेलं. गाडी उसळली. समोर भाजीची हातगाडी आणि तिच्याजवळ एक म्हातारी बाई.

"बाबा, ब्रेक!"

"पाय उचलून नाही राहिला!"

मी डाव्या पायाने क्लच दाबला, लेकीने हँडब्रेक ओढला. हातगाडीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली.

"आंधळा हायेस का रे?" म्हातारी ओरडली. मी हात जोडले.

लेक उतरली. "मी पायदळ जाते, बाबा. तुमी अदुगर पाय मोकळा करा."

माझ्यासारखं ताठ अंग असलेल्यांनो, तुम्ही स्ट्रेचिंगची सुरुवात कशी केली? थोड्या वेळाने लेकीला आणायला जायचं आहे, आणि किल्ली उचलायची हिंमत होत नाही.