कापसाच्या ट्रॉलीची उंची

आमच्या तिगावजवळच्या रेल्वे फाटकावर तो गेटमन होता. फाटक उघडलं की "चला, मालक" म्हणायचा. समोर तहसीलदार असो की शेळी. पुढे फाटक बंद करून रुळांखालून रस्ता काढायचं ठरलं.

रंगीत नकाशा घेऊन रेल्वेचे साहेब आले, त्या दिवशी यानं भाच्याची कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली आणून उभी केली आणि बांबूनं तिची उंची मोजून दाखवली.

"साहेब, नकाशात कापूस भराचा राहून गेला तुमचा."

साहेबांनी नकाशातल्या पुलाची उंची वाढवली.

"तुमची तर जागाच जाऊन राहिली," मी म्हटलं.

"माही बदली होईल जी. ट्रॉलीची कुठं होते?"

बदली पांढुर्ण्याला झाली. उद्घाटनाला तो रजा टाकून आला आणि मंचापासून लांब उभा राहिला. भाषणं संपल्यावर पहिली ट्रॉली पुलाखालून अलगद पार झाली आणि पलीकडच्या स्वागत कमानीला अडकली.

"पूल बराबर हाये, साहेब," तो ओरडला. "कमान काढा!"

पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत कमान उतरली. यानं हात वर केला.

"चला, मालक."