दोरीची शेवटची गाठ

दोरीबाई मुळातच भित्र्या. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायच्या, लिफ्टचं दार लागलं की डोळे मिटायच्या, आणि गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून घरी परत जायच्या. नवरा त्यांना 'आमची भागूबाई' म्हणायचा. मुलगी त्याहून तिखट. घरातलं लोखंडी कपाट जागेवरून सरकलेलं दिसलं की ती वडिलांना विचारायची, "बाबा, आज आई कशाला घाबरली होती?"

त्यात खोटं काही नव्हतं. भीती अंगात चढली की दोरीबाई काहीतरी जड ढकलत. कपाट, पलंग, पाण्यानं भरलेलं पिंप, हाताला येईल ते. दम लागेपर्यंत ढकललं की श्वास ताळ्यावर येई आणि हातपाय पुन्हा आपले वाटू लागत. विशेष मुलांच्या शाळेत त्या व्यायामाच्या बाई म्हणून लागल्या, तेव्हा पुस्तकांतलं बरंच शिकल्या. पण ही विद्या त्यांची घरची होती, आणि तीच सगळ्यात जास्त कामी आली.

दोरी ही त्यांची दुसरी युक्ती. जाड सुती दोरी, तिला ठरावीक अंतरावर दहा गाठी, प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी. ज्याची त्याची गाठ ठरलेली. पुढचं टोक बाईंच्या हातात. रोज सकाळी शाळेच्या इमारतीभोवती आठ फेऱ्या. या फेऱ्या झाल्या की वर्गात आदळआपट कमी होते, रडारड कमी होते, हे सगळ्या शिक्षिकांना माहीत झालं होतं. मात्र चालताना बाई मागे वळून पाहत नसत. त्यांनी मान वळवली की मुलं थांबत; एक थांबलं की दुसरं त्याच्यावर आदळे, तिसरं भोकाड पसरे, आणि सगळ्यावर पाणी पडे. म्हणून बाई हातानं पाहत. दोरी सैल पडली की कुणीतरी रेंगाळतंय. हिसका बसला की कुणाचं तरी बिनसलंय. आणि अगदी शेवटून येणारी ती एकसारखी जड ओढ म्हणजे गुणगुणी.

गुणगुणी बारा वर्षांची. बोलत नसे; दिवसभर एकच सूर गुणगुणत असे. तो सूर थांबला की सगळे तिच्याकडे धावायचे, कारण पुढच्याच क्षणी ती स्वतःचं मनगट चावायची, रक्त येईपर्यंत. शाळेत आली तेव्हा दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. दोरीबाईंनी तिला भिंत ढकलायला शिकवलं. दोन्ही तळवे भिंतीला, मान खाली, आणि वीस आकडे. वीस म्हणजे वीसच. मध्ये कुणी थांबवलं तर ती खाली बसकण मारायची, आणि मग तिला हलवायला तिघं लागायची. पण वीस पूर्ण झाले की सूर परत यायचा. तीन महिन्यांत पट्ट्या गेल्या. तिची आई सांगायला आली तेव्हा हसता हसता रडत होती. "बाई, आता घरीपण भिंत ढकलते. शेजारीण विचारते, घर पाडायचंय का तुम्हाला?"

त्या दिवशी शाळेमागचं जुनं गोदाम पाडायचं काम चालू होतं. शाळा सुटल्यावर करू, असा शब्द ठेकेदारानं दिला होता. पण सकाळीच मशीन धडधडायला लागलं. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या.

"आज दोरी नको का?" दोरीबाईंनी मुख्याध्यापिकांना विचारलं.

"तुमची मुलं, तुम्ही ठरवा. मी ठेकेदाराला फोन लावतेय, उचलत नाही मेला."

बाईंनी विचार केला, आत बसवलं तर मुलं जास्त घाबरतील. चालली तर भीती पायातून उतरेल. त्या मुलांना घेऊन निघाल्या. रांगेच्या शेवटी नेहमी मदतनीस मावशी असायच्या. दुसऱ्या फेरीत एका मुलाचे कपडे ओले झाले, त्याला घेऊन मावशी आत गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी पाण्याच्या बाटल्यांची जड पिशवी गुणगुणीच्या गाठीला अडकवली. "धर गं, तुझी लाडकी." हेही बाईंनीच शिकवलेलं होतं. तिच्या हाताला वजन असलं की तिला बरं वाटतं.

तिसरी फेरी झाली, चौथी झाली. मशीनच्या आवाजात गुणगुणीचा सूर ऐकू येत नव्हता. बाई हातानं पाहत होत्या. शेवटची ओढ होती. जड, एकसारखी.

पाचव्या फेरीला रांगेतली चष्मेवाली मुलगी खुदकन हसली. "बाई, पिशवी फिरायला आली!"

दोरीबाईंनी मागे पाहिलं. शेवटच्या गाठीला पिशवी लटकली होती आणि मातीतून फरफटत येत होती. तिच्यामागे कुणी नव्हतं.

पुढची दोन मिनिटं त्यांना नंतर कधीच नीट आठवली नाहीत. मुलांना वर्गात कुणी नेलं, त्या ओरडल्या की नाही, काहीच नाही. मुख्याध्यापिका अनवाणी फाटकाकडे धावल्या, कारण बाहेर मोठा रस्ता होता. मावशी संडास उघडून पाहू लागल्या. दोरीबाई मैदानात उभ्या होत्या आणि त्यांचे तळवे बर्फासारखे गार पडले होते. काहीतरी ढकलावंसं वाटत होतं. तेवढंच वाटत होतं.

आणि तिथेच त्यांना उमगलं. तिलाही तेच वाटलं असेल.

त्यांनी सगळ्या भिंतींकडे पाहिलं. व्हरांड्याची, पंपाच्या खोलीची, कुंपणाची. कुठेच नव्हती. मग कोपऱ्यातलं छोटं दार दिसलं, कचरा बाहेर न्यायचं. अर्धवट उघडं. दारापलीकडे बोळ होता, आणि बोळाच्या दुसऱ्या बाजूला गोदामाची उंच भिंत.

गुणगुणी त्या भिंतीला तळवे लावून उभी होती. मान खाली. सूर बंद. आवाज जिथून येत होता, त्यालाच ती मागे ढकलत होती.

पलीकडून धक्का बसला. भिंत हलली. वरून गिलाव्याचे तुकडे सांडले. एक भेग वरपासून खिडकीच्या उंचीपर्यंत उतरलेली दोरीबाईंना स्पष्ट दिसली.

"मावशी! मशीन थांबवा! वळसा घालून जा, पळा!"

"अगं बाई गं, माझे गुडघे..." म्हणत दाराशी आलेल्या मावशी धावत सुटल्या. त्या वयाला, त्या गुडघ्यांनी, त्या कशा धावल्या हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दोरीबाईंचा हात गुणगुणीच्या दंडाकडे गेला आणि वाटेतच थांबला. धरलं तर ती बसकण मारणार. इथे, या भिंतीखाली. आणि तिला उचलायला एकटी भागूबाई.

त्या तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनीही तळवे भिंतीला लावले. भिंत आजारी जनावरासारखी आतून थरथरत होती.

"एक," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

गुणगुणीनं ढकललं.

"दोन. तीन."

पाय म्हणत होते, पळ. सहाला एक वीट सुटून पावलाशेजारी फुटली. नऊला त्यांच्या जिभेवर एकोणीस आले. कोण विचारणार होतं? पण गुणगुणीला आकडे पाठ होते. फसवलं तर ती पुन्हा एकपासून सुरू करणार. "दहा," बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज रडका होऊ नये म्हणून ओठ चावले. अकरा. बारा. आपल्या मुलीला सकाळी डबा दिला की नाही, हे त्यांना काही केल्या आठवेना.

चौदाला मशीन बंद झालं. एकदम शांत झालं. त्या शांततेचीही त्यांना भीती वाटली. आता काय, असं वाटलं. पंधरा. सोळा. वरून नुसती माती झरत होती. एकोणीस.

"वीस. झालं."

गुणगुणीनं हात खाली घेतले. बाईंनी रुमालाला गाठ मारून तिच्यापुढे धरली. तिनं गाठ पकडली. दोघी दारापर्यंत चालत आल्या, आणि आत पाऊल ठेवल्यावर सूर सुरू झाला.

थोड्या वेळानं मशीनवाला आला. आडदांड माणूस, चेहरा पांढराफटक. "बाई, दोन धक्के झाले होते. तिसऱ्याला तुमच्या बाजूला पडणार होती. बोळात कुणी नसतं असं सांगितलेलं मला." तो मटकन खाली बसायला लागला.

"बसू नका," दोरीबाई म्हणाल्या. "ते बाक उचलून तिकडे ठेवा. मग परत आणा. बरं वाटेल." त्यानं बाक उचलला.

दुपारी गुणगुणीची आई आली. बाईंनी काही झाकलं नाही. पिशवी, दार, भिंत, सगळं सांगितलं. "मी मागे पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "ओढ जाणवत होती, म्हणून पाहिलं नाही. उद्यापासून दोरी बंद करते."

आईनं बराच वेळ मुलीची मनगटं उलटसुलट करून पाहिली. एकही नवा वण नव्हता.

"बंद करून काय कराल?" ती म्हणाली. "पुन्हा पट्ट्या बांधू? उद्या तिला पाठवताना माझ्या जिवाचं पाणी पाणी होणार आहे, बाई. तरी पाठवणार. तुम्हालाही भीती वाटू दे. पण चालवा तिला."

त्या संध्याकाळी घरातलं कपाट पूर्ण खोली ओलांडून समोरच्या भिंतीला गेलं. मुलीनं वडिलांना काही विचारलं नाही. तिनं दुसरी बाजू धरली.

दुसऱ्या दिवशी छोट्या दाराला नवी कडी होती, आणि आत मावशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. दोरी निघाली. पुढचं टोक गुणगुणीच्या हातात होतं. शेवटची गाठ दोरीबाईंनी धरली होती, दहाही डोकी समोर दिसतील अशी. तरी त्या मोजत होत्या, पुन्हा पुन्हा.

इमारतीचा कोपरा वळताना पुढची तीन मुलं भिंतीआड जातात. तीन पावलं ती दिसत नाहीत. त्या तीन पावलांत दोरीबाईंचा श्वास अडकतो, आठही फेऱ्यांत, आजही. दोरीच्या ओढीवर त्या आता विसंबत नाहीत. त्या कान देऊन ऐकतात. भिंतीपलीकडून सूर येतो, आणि मग त्या पुढचं पाऊल टाकतात.