मंगळाच्या वाटेवरून माघारी

मला लिहिता-वाचता येत न्हाय, पण माझ्या चंदरच्या गोष्टींवर बोलायचा हक्क माझ्याएवढा कुणाचा न्हाय. मुंबईचे शिकलेले लोक म्हणतात त्याची पहिली गोष्ट चांगली. काही म्हणतात दुसरी. मी म्हणते दुसरी, आणि का ते सांगते. फक्त मधी बोलू नका, मला मधी बोललेलं खपत न्हाय.

आम्ही थळचे कोळी. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण घेतल्याशिवाय ही हकिगत पुढं सरकायची न्हाय, म्हणून एकदाच घेते. काळूराम. बाबाजी नाखवाच्या होडीवर हे तांडेल होते. होडी नाखवाची, पण दर्यात गेल्यावर शब्द तांडेलाचा. सुकाणू यांच्या हातात आणि हाताखाली सहा खलाशी. माणूस बोलायला अगदी कमी. लग्नाला चार वर्षं झाल्यावर मला कळलं की यांना कोलंबीची खिचडी आवडत न्हाय. तोवर मुकाट खात होते, आता बोला!

स्वराज्य आलं त्याच्या दोन वर्षांनी, नारळी पुनव होऊन महिना झाला होता. खांदेरी बेटाच्या पल्याड पाच होड्या जाळी लावून थांबल्या होत्या. जाळं भरत आलेलं. दुपार टळताना हे उभे राहिले, वाऱ्याकडे तोंड केलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘फिरवा.’’ खलाशी म्हणाले, तांडेल, जाळं तरी वर घेऊ. हे म्हणाले, तेवढा वेळ न्हाय. दोर कापला, भरलं जाळं दर्यात सोडलं आणि होडी घरी आणली. बाकीच्या चार होड्यांनी यांच्याकडे बघून हात हलवले म्हणे, लग्नाच्या वरातीला हलवतात तसे.

आणि वादळ आलंच न्हाय! ढग आले, गडगडले, निघून गेले. सकाळी चारही होड्या काठोकाठ भरून आल्या. आमचं जाळं कुठं वाहून गेलं ते खंडोबाला ठाव. वादळ आलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी आली माझ्यावर, देवा क्षमा कर. बाप दाखव न्हाय तर श्राद्ध कर, तसा गाव यांच्या मागं लागला. काळू, वादळ कुठंय? काळू, दाखव की वादळ! बाबाजी नाखवानं सुकाणू काढून गावातल्याच भागोजीला दिलं. त्याच होडीवर हे दहा वर्षं साधे खलाशी म्हणून जाळं ओढत राहिले. गावानं नाव ठेवलं, ‘परत्या’. मी त्यावरून चार बायकांशी भांडले आणि एकीची पाटी मासळीसकट उलथी केली. हे एका शब्दानं कुणाला बोलले न्हाईत.

चंदर तेव्हा दहा वर्षांचा होता. पोर हुशार. अलिबागला शिकला, मॅट्रिक झाला, रेवसच्या धक्क्यावरून लाँच पकडून मुंबईला गेला आणि एका छापखान्यात चिकटला. दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका काढायच्या, असलं काम. चुका काढता काढता स्वतःच लिहायला लागला. एका दिवाळी अंकात त्याची गोष्ट आली. ‘चंद्राची खेप’. रशियानं वर कुत्री पाठवली एवढंच आम्ही तेव्हा ऐकलं होतं, माणूस काही अजून गेला नव्हता. आमच्या चंदरनं सात पाठवले.

दिनानाथ गुरुजींनी शाळेच्या ओटीवर सगळ्या गावाला गोष्ट वाचून दाखवली. सात माणसं लोखंडी होडीत बसून चंद्रावर निघतात. तिथं पाणी न्हाय, वारा न्हाय, झाडाचं पान न्हाय. मी म्हटलं, ‘‘मग जायचं कशाला? सोयरीक ठरवायची हाय का कुणाची?’’ सगळे हसले. खायला काय, तर गोळ्या! अरे, सुके बोंबील न्यावेत, महिनोन्महिने टिकतात, हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागतं? गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी पदर तोंडाला लावला.

तर अर्ध्या वाटेत यंत्र बिघडतं. माणसं हातापाया पडतात, कप्तान, मागं फिरा. कप्तान छाती काढून म्हणतो, ‘‘मागंच फिरायचं होतं तर होडी लोटली कशाला?’’ आणि थेट चंद्रावर उतरतो. ओटीवर टाळ्याच टाळ्या. मी बी वाजवल्या. वाजवता वाजवता नजर यांच्याकडे गेली आणि माझे हात तिथंच थांबले. हे खाली बघत होते.

मग काय, माकडाच्या हातात कोलीत! हे किनाऱ्यावरून चालले की भागोजीचा पोरगा सदा आणि त्याची टोळी छाती काढून ओरडायची, ‘‘मागंच फिरायचं होतं तर होडी लोटली कशाला?’’ दहा वर्षांत ‘परत्या’ नाव जरा जुनं झालं होतं. माझ्याच पोरानं ते पुन्हा घासून लख्ख करून दिलं.

मी यांना म्हटलं, ‘‘अवो, तुमच्या तोंडावर लिहिलंय त्यानं. राग येत न्हाय तुम्हाला?’’

‘‘मी त्या दिवशी भ्यालो होतो,’’ हे म्हणाले. ‘‘त्यानं न भिणारा कप्तान लिहिला. त्यात खोटं काय हाय?’’

‘‘पोराला तुमची लाज वाटते, त्याचं काय?’’

‘‘वाटत असंल. पोराला बाप आवडलाच पाहिजे असा कायदा हाय का?’’ असं म्हणाले, आणि ताटावरून उठले. भाकरी तशीच राहिली. त्या दिवसापासून माझ्या जिवाला एकच घोर लागला. माझ्या पोराला खरंच बापाची लाज वाटते का?

शिमग्याला चंदर घरी आला. बाप-लेक किनाऱ्यावरून येत होते आणि सदाच्या टोळीनं त्याच्यादेखत तेच वाक्य फेकलं. चंदरचा चेहरा कुणी थोबाडीत दिल्यासारखा झाला. घरात आल्यावर उरलेली मी दिली. ‘‘आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी गप्प होते,’’ म्हटलं. ‘‘बापानं तुझ्यासाठी दुसऱ्याच्या हाताखाली दोर ओढले आणि तू त्याच्याच अंगावर दगड मारलास? हेच शिकलास का रे मुंबईला?’’ हवं ते बोलले. नको ते बी बोलले.

तो एवढंच म्हणाला, ‘‘आये, त्या दिवशी मी किनाऱ्यावर होतो.’’ दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचनं गेला. मी मनाशी म्हटलं, झालं. त्यानं सगळं बघितलं होतं, तेव्हापासूनच त्याला लाज वाटत असणार.

पावसाळ्यात पत्र आलं. संपादकांनी गोष्टीचा पुढचा भाग मागितलाय. कप्तान आता मंगळावर जाणार! गुरुजींनी वाचून दाखवलं आणि गावाला उधाण आलं. सदा पैज लावत फिरला की कप्तान मंगळाच्या राजाची पोरगी बायको करून आणणार. बाबाजी नाखवासुद्धा म्हणाला, ‘‘कप्तान असावा तर असा.’’ पहिल्या भागानं एवढं केलं, दुसरा काय करील? मी गुरुजींना सांगून लिहवलं, बाबा रे, दुसरं काही बी लिही, भुताचं लिही, पण हे नको. उत्तर आलं न्हाय.

दिवाळीला चार दिवस असताना अंक आला. दुपारी ओटी भरली. नाखवाला खुर्ची टाकली. मी यांना म्हटलं, तुम्ही घरीच बसा. हे म्हणाले, ‘‘पोराची गोष्ट हाय, मी ऐकणार.’’ फाटकं जाळं घेऊन आले आणि मागं खांबाला टेकून विणत बसले.

गुरुजींनी सुरुवात केली. तोच कप्तान, तीच सहा माणसं. मंगळ दिसायला लागतो, तांबडा, आधी वाटाण्याएवढा, मग ताटाएवढा. सदा पुढं सरकून बसला. आता एका दिवसाची वाट राहिली, आणि कप्तान थांबतो. त्याला काहीतरी वेगळं वाटतं. काटे ठीक, यंत्र ठीक, दुसऱ्या कुणाला काही दिसत न्हाय. कप्तान एकेका खलाशाच्या तोंडाकडे बघतो, आणि म्हणतो, ‘‘फिरवा.’’



सदा ओरडला, ‘‘आँ? फिरवा? मंगळाचं काय?’’ गुरुजी म्हणाले, गप बस. आणि पुढं वाचायला लागले. ओझं कमी करायला कप्तान सगळी किमती यंत्रं आकाशात सोडून देतो. माणसं रागावतात. मागून दुसऱ्या देशाची होडी येते, ती पुढं जाते, मंगळावर उतरते आणि सुखरूप परत बी येते! मला वाटलं, बुडव रे मेल्या ती होडी, बुडव, म्हणजे कप्तान खरा ठरेल. चंदरनं बुडवली न्हाय. त्या लोकांना हार, मिरवणूक, तोफा. आणि आमच्या कप्तानाला कचेरीत उभा करून साहेब विचारतो, ‘‘धोका होता, याला पुरावा काय?’’

कप्तान म्हणतो, ‘‘पुरावा न्हाय साहेब. पुरावा आणायचा तर एखादा माणूस तिथं ठेवून यावा लागला असता. मी सहा नेले होते, सहा आणले.’’

मी मागं बघितलं. यांच्या हातातली सुई थांबली होती. खाली बघत नव्हते आज. समोर बघत होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते पुसत बी नव्हते. पंचवीस वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदा बघितलं. अभिमान म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. छाती फुगत न्हाय त्यानं, खाली गेलेली मान वर येते.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी नुसती मिरवत घरी गेले असते. पण शेवटी कप्तान घरी जातो. दारात त्याची बायको. ती मंगळाचं नाव काढत न्हाय, यंत्रांचं विचारत न्हाय. त्याच्या मागं रस्त्यावर येणारी माणसं बोटांवर मोजते, आणि म्हणते, ‘‘सगळे आलात ना? मग चला, भात गरम हाय.’’

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कौतुकानं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण त्या दिवशी होडी वाळूला लागली तेव्हा मी धावत पुढं गेले होते आणि सगळ्यांदेखत यांना विचारलं होतं, ‘‘आणि जाळं कुठंय?’’ गावानं नंतर विचारलं. सगळ्यांत आधी मी विचारलं होतं.

तेवढ्यात मोरू उठला. यांच्या होडीवरच्या त्या सहा खलाशांतला सगळ्यात धाकटा. तेव्हा त्याच्या लग्नाला दोन महिने झाले होते, आता कडेवर तिसरं पोर होतं. म्हणाला, ‘‘मी होतो त्या होडीत. दहा वर्षं मी बी हसलो तांडेलाला.’’ तो यांच्याजवळ जाऊन बसला आणि जाळ्याचं दुसरं टोक धरलं. बाबाजी नाखवा खुर्चीतून उठला आणि घरी गेला. सदा तेवढा मंगळ मंगळ करत राहिला. त्याला काय कळणार, डोक्यात वाळू भरलेली.

दिवाळीला चंदर आला. मी चुलीपुढं होते. न राहवून म्हटलं, ‘‘गोष्टीतली ती बाई मी न्हवं रे. त्या दिवशी वाळूवर मी काय बोलले ते तू ऐकलंस.’’

‘‘ऐकलं,’’ तो म्हणाला. ‘‘पण मी काय केलं ते तू ऐकलं न्हाईस. शाळेत पोरं हसायला लागली तेव्हा मी सांगितलं, तो माझा बाप न्हाय, शेजारचा हाय.’’ मग म्हणाला, ‘‘पहिला कप्तान मी त्या पोरांना आवडावा म्हणून लिहिला, आये. हा माझा हाय.’’

माझ्या हातातली करंजी तेलात करपली. करपू दे.

बाहेर हे बसले होते. चंदर जाऊन शेजारी बसला. दोघं काय बोलले मला ठाव न्हाय. पण जेवताना यांनी पोराच्या ताटात स्वतःच्या हातानं पापलेटाचा मधला तुकडा वाढला, आणि म्हणाले, ‘‘पुढच्या गोष्टीत सुके बोंबील ने. तुझी आये म्हणते ते बरोबर हाय.’’

संपादकांनी कळवलं की आधी शिव्यांची पत्रं आली आणि मग अशी आली की वाचताना छापखाना थांबला. येऊ देत. मला त्या पत्रांचं काही न्हाय.

तुळशीचं लग्न झालं आणि बाबाजी नाखवा आमच्या दारात आला. भागोजीला लांबचं दिसेनासं झालं होतं, हे खरं. पण तांडेल काय दुसरे मिळाले नसते? अंगणात उभा राहून म्हणाला, ‘‘काळू, सुकाणू घे.’’

हे जागचे हलले न्हाईत. म्हणाले, ‘‘घेतो. पण मला वाटलं तर मी फिरणार. कुणी पुरावा मागायचा न्हाय.’’

नाखवा म्हणाला, ‘‘फीर.’’

पुढच्या हंगामात हे दोनदा फिरले. एकदा वादळ आलं, एकदा आलं न्हाय. दोन्ही वेळा मी वाळूवर उभी होते, आणि दोन्ही वेळा मी आधी माणसं मोजली.