पिंप्राळ्यात दोन महिने मुकी

आबा, टेम्पो निघाला तेव्हा तुम्ही फाट्यापर्यंत मागे चालत आलात. "आजोबांना टाटा कर," असं आई-पप्पा दोघंही म्हणत होते. माझा हात उठला तेव्हा नरडाण्याचं स्टेशनसुद्धा मागे पडलं होतं. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर वाटून घेऊ नका. हात मी हलवला होता, फक्त उशिरा.

तुम्ही आईला बजावलं होतं, "पोरले घाई करू नको वं, ती तिना टाईमवर बोलस." गावात हे सगळ्यांना माहीत होतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला त्याच्याही आधीपासून. दुकानात मी उभी राहिले की दुकानदार आधी दुसरी दोन गिऱ्हाइकं उरकायचे आणि मग माझ्याकडे वळायचे. तोवर माझं वाक्य तयार असायचं.

जळगावात कोणालाच थांबायला वेळ नाही. इथे पिंप्राळ्यात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीण अक्कांनी विचारलं, "नाव काय गं तुझं?" नाव ओठापर्यंत आलं होतं. पण आईचा धीर सुटला. "मयूरी. तिला बोलता येत नाही हो," ती म्हणून गेली. अक्का हळहळल्या आणि खोली मिळाली. आत आल्यावर आई म्हणाली, "कीव केलेली परवडली, चिडवलेलं नको." पप्पांनी ऐकलं आणि ते डाळ मिलच्या पाळीला निघून गेले.

तेव्हापासून मी अंगणात मुकी आणि खोलीत हळू आवाजात मयूरी. सुट्टीचे दोन महिने असे काढले. शाळा सुरू झाल्यावर काय करायचं, हे आईने ठरवलंच नव्हतं. लोक माझ्यासमोर एकमेकांची उणीदुणी काढायचे, जणू मी खुंटीवरची पिशवी. मला राग यायचा, आबा. आईचासुद्धा.

मग मे सरता सरता अक्कांनी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या. पहाटेपासून पीठ शिजवून, ओल्या लुगड्यावर पापडासारख्या ओळीने थापलेल्या. तासाभराने अक्का वर गेल्या आणि ओरडतच खाली आल्या. दोन ओळी कोणीतरी तुडवल्या होत्या. त्यांची नात रिद्धी लगेच म्हणाली, "हिने! मी पाहिलं." आणि माझ्याकडे बोट. मुकी मुलगी काय सांगणार होती?

अक्का आईवर कडाडल्या, "पोर सांभाळता येत नसेल तर खोली रिकामी करा!" आणि आईने हात जोडले. "चुकलं हो तिचं. समजत नाही तिला."

समजत नाही! माझे कान तापले. मी बोलले तर आई खोटी ठरणार होती आणि खोली जाणार होती. नाही बोलले तर मी कायमची तीच, जिला समजत नाही. आई माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको.

"मी," एवढंच आधी निघालं. सगळे माझ्याकडे वळले. रिद्धी मध्येच काही बोलायला लागली.

"थांब. मी अजून बोलतेय."

हे मी म्हणाले, आबा. मोठ्याने. मग बाकीचं आलं. "मी गच्चीवर गेले नाही. रिद्धीच्या चपलेखाली बघा. आणि मला समजतं. मला बोलायला उशीर लागतो."

चपलेच्या तळाला पीठ चिकटलेलं होतं. पण अक्का रिद्धीकडे बघतच नव्हत्या. त्या आईला म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोललीस?" आई रडली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिला मिठी मारणं मला जमलं नाही.

आठ दिवस अक्कांनी आमच्याशी अबोला धरला. रोज वाटायचं, आज सामान बांधायला सांगणार. काल त्या ताटलीत भाजलेली बिबडी घेऊन दारात आल्या. "हिला आवडते का गं?" त्यांनी आईला विचारलं.

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तिलाच विचारा."

तुम्ही फोनवर विचारलं होतंत, जळगाव घरासारखं वाटतं का म्हणून. कालपर्यंत नव्हतं वाटत. काल मला उत्तर द्यायला खूप वेळ लागला, बिबडी गार झाली, आणि दोघीही दारातून हलल्या नाहीत.

मी "हो" म्हणाले, आबा.