बाळ बोलतंय, हॉर्न बंद ठेवा!

शालन सिस्टर गेल्याचं त्यांच्या सुनेने फोनवर कळवलं, तेव्हा मी शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. "सकाळी चहा घेता घेताच गेल्या आई..." ती म्हणाली. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हसू आलं. डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या नसरापूरच्या रिक्षावाल्यांना दटावणाऱ्या सिस्टर. आता तीन आठवडे होऊन गेले, पण त्या अजून तशाच दिसतात.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. वेल्ह्याकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात माझं पहिलं बाळंतपण होतं. सिस्टर अंगाने भारदस्त, आवाज खणखणीत. पण दर कळ ओसरली की माझ्या पोटावर छोट्या तुतारीसारखी नळी टेकवून कान लावायच्या, आणि खोलीत चिडीचूप. माझ्या सासूबाईंचं तोंड एरवी कुणाला बंद करता आलं नाही. सिस्टर नुसतं बोट वर करायच्या. दुपारच्या सुमाराला त्यांचा चेहरा बदलला. कळ गेली तरी बाळाचे ठोके लवकर वर येईनात, त्यात अंगावरून गेलेलं पाणीही हिरवट, म्हणजे धोक्याचं. "बाळ दमलंय, पोरी. भोरला सिझरची सोय हाय, तिकडं जाऊ," म्हणाल्या आणि मला गाडीत डाव्या कुशीवर झोपवून सासूबाईंसोबत स्वतःही चढल्या.

धावत्या गाडीत इंजिनाच्या आवाजात ठोके कुठले ऐकू येणार! मग थोडं पुढं गेलं, कळ सरली, की सिस्टर ओरडायच्या, "बबन, गाडी बंद कर!" बबन ड्रायव्हर कावला. "सिस्टर, असं थांबत गेलो तर बाळ गाडीतच व्हईल."

"नुसतं पळून काय करू? आत काय चाललंय त्ये कळाया नको? भोरच्या डाक्टरांना काय सांगू मी?"

नसरापूरला नेमकी गर्दीत कळ सरली. एसटीचा हॉर्न, रिक्षावाल्यांची हाकाटी... सिस्टर दार उघडून खाली उतरल्या, हात उगारला, "आरं, एक मिनिट हॉर्न बंद ठेवा! बाळ बोलतंय हितं!" आणि काय सांगू, सगळा एसटी थांबा गप्प झाला. सिस्टर आत येऊन नळीला कान लावून मोजत राहिल्या. बाहेरून एक रिक्षावाला हळूच म्हणाला, "काय म्हणतंय ओ?"

"एकशे तीस म्हणतंय!" सिस्टर ओरडल्या. तेवढ्या वेदनेत मी हसले. सासूबाईंनी मात्र त्या आकड्याला हात जोडले.

कामथडीपाशी पुन्हा थांबलो. या वेळी सिस्टरांनी एकदा मोजून पुन्हा मोजलं. मी त्यांचा पदर घट्ट धरला. "किती?" त्यांनी लपवलं नाही. "पंच्याण्णव. जरा हळू चाललंय. तू कुशीवरच ऱ्हा, लांब श्वास घे. आता बबन थांबायचा न्हाई." मग भोरला फोन लावून आकडे सांगितले, "टेबल तयार ठेवा" म्हणाल्या आणि उरलेला सगळा रस्ता माझा हात सोडला नाही. त्यांचा तळवा घामाने ओला होता, एवढं मला आठवतं.

भोरला सगळे तयारच होते. लगेच सिझर केलं, बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. मुलगी झाली, आणि रडली ती अशी की दाराबाहेर बबनने टाळ्या वाजवल्या. घरी परतताना नसरापूरला गाडी थांबली, तर तोच रिक्षावाला डोकावून विचारतो, "एकशेतीस कशी हाय?" माझ्या स्वराला तिथं अजून काही जण त्याच नावाने हाक मारतात. ती चिडते. सिस्टर दर दिवाळीला आमच्याकडे आल्या की तिला मुद्दाम त्याच नावाने चिडवायच्या आणि चकल्या तेवढ्या हक्काने मागून न्यायच्या.

गेल्या आठवड्यात भाचीच्या बाळंतपणासाठी त्याच केंद्रात गेले होते. खोलीला नवा रंग आहे, ठोके ऐकायचं मशीनही नवं आहे. कळ सरताच तिथल्या तरुण नर्सने ठोके ऐकले, घड्याळ पाहिलं. नोंदीचा कागद समोरच होता, पण ती आधी भाचीच्या कानाशी वाकली. "एकशे अडतीस. मजेत आहे बाळ." मग लिहिलं. लिहायच्या आधी तिला का सांगितलं, असं मी सहज विचारलं, तर म्हणाली, "शालन सिस्टरांच्या हाताखाली शिकले. त्या म्हणायच्या, बाळाची खबर आधी आईला. कागदाला कसली घाई?"

भाचीच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या. "परत ऐकाल ना?" तिने विचारलं.

"पुढची कळ येऊन जाऊ दे," नर्स म्हणाली आणि खुर्ची कॉटजवळ ओढून बसली.