हिर्डोशीचे पाणबुडीवाले काका

“झाकण लावा, ताई,” भोर-हिर्डोशी एसटीत चढले की ते मला म्हणायचे. मी कंडक्टर. मी दार ओढून घेतलं की ते समाधानानं मान हलवायचे आणि पुढच्या बाकावर बसायचे. सगळी नोकरी त्यांनी नौदलाच्या पाणबुडीत, इंजिनाशेजारी काढली होती. निवृत्तीनंतर हिर्डोशीत भात आणि नाचणी करायचे. डोंगरातला माणूस समुद्राच्या पोटात कसा गेला, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, भरतीच्या रांगेत उभा होतो, रांगच तिकडे गेली.

त्यांना एकच नाद. कोणत्या देशाकडे पाणबुड्या आहेत, कोणाकडे होत्या आणि आता नाहीत, हे तोंडपाठ. शेजारचा माणूस दोन-चार देश ऐकून डुलकी काढायचा. असं कुणीतरी तुमच्याही रस्त्यावर असेल. आपण हसतो आणि पुढे जातो. मीही तेच करत होते.

गेल्या श्रावणात एका दुपारी हिर्डोशीच्या अलीकडे बससमोर दरड कोसळली. ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली, तर मागे झाड आडवं झालेलं. पावसामुळे खिडक्या बंद, काचांवर वाफ, फोनला रेंज नाही. दवाखान्यातून परतणाऱ्या एक आजी छाती धरून धापा टाकू लागल्या. दार उघडा, मी चालत जाते, म्हणू लागल्या. बाहेर माती अजून घसरत होती. मी दार घट्ट धरून उभी राहिले.

काका उठले आणि आजींसमोर उकिडवे बसले. पहिल्यांदा पाणबुडीत गेलो तेव्हा माझीही छाती अशीच दाटली होती, म्हणाले. एका जुन्या खलाशानं उपाय शिकवला होता: एक देश, एक श्वास. मग ते नाव घ्यायचे आणि आजी श्वास सोडत तेच म्हणायच्या. रशिया. जपान. नॉर्वे. पेरू. नंतर ‘होत्या, आता नाहीत’ वाले देश आले. डेन्मार्क. ऑस्ट्रिया, ज्याला आता समुद्रच उरला नाही. युगोस्लाव्हिया.

“ह्यो तर देशच ऱ्हायला न्हाई, आजी.”

आजींनी डोळे उघडले. “कुठं गेला?”

“वाटणी झाली. भावाभावांत.”

“आन् पानबुडी कुनाच्या वाट्याला आली?”

“कुनाच्याच न्हाई. मोडीत गेली.”

“आमच्या हिरीवरल्या मोटरीचं असंच झालं,” आजी म्हणाल्या, आणि सगळी गाडी हसली. त्यात त्यांचा श्वास कधी ताळ्यावर आला, कळलंच नाही. दोनेक तासांनी गावकऱ्यांनी येऊन मागचं झाड तोडलं आणि आम्ही भोरला परतलो. उतरताना आजींनी विचारलं, अजून किती देश राहिलेत.

दिवाळीनंतर काका विशाखापट्टणमला मुलीकडे राहायला गेले. पुढचा बाक आता रोज कुणी वेगळंच पकडतं. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. तिथे किनाऱ्यावर एक जुनी पाणबुडी लोकांना पाहायला ठेवली आहे, त्यांच्या पाणबुडीसारखीच. तिकीट काढून पाहून आले होते.

“इंजिनाला हात लावला, तर तिथली बाई म्हनली, काका, हात लावू नका.”

मग काय केलंत, मी विचारलं.

“काढला हात. पर लई चकचकीत ठेवलंय, ताई. आमाला एवढं कधी जमलं न्हाई.”